कंत्राटावरून कायम पदाकडे : आपल्याच कार्यालयातील मुलाखतीची तयारी कशी करावी

ज्या कार्यालयात आपण कंत्राटी कर्मचारी म्हणून काम करीत आहोत, तेथेच त्याच कामाचे कायम पद भरण्याची जाहिरात निघाली, की मनात दोन परस्परविरोधी विचार येतात. एक असा, की काम आपणच करतो आहोत, सगळे आपल्याला ओळखतात, तेव्हा पद आपलेच आहे. दुसरा असा, की कोणाला घ्यायचे हे वर आधीच ठरलेले असणार आणि मुलाखत केवळ उपचार म्हणून होणार. हे दोन्ही विचार उमेदवाराला तयारीपासून परावृत्त करतात, आणि अशा मुलाखतींत आतले उमेदवार मागे पडतात ते बहुधा कामात कमी असल्यामुळे नव्हे, तर आपले काम मंडळापुढे मांडायचे राहून गेल्यामुळे.

यामागचे कारण मुलाखतीच्या पद्धतीतच आहे. बऱ्याच संस्था आज सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली निवडप्रक्रियेवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा आखीव मुलाखती मोकळ्या गप्पांच्या स्वरूपाच्या मुलाखतींपेक्षा पुढील कामाचा अधिक चांगला अंदाज देतात, असे दिसून आले. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली त्या आकडेवारीची फेरतपासणी केली, आणि तीत आखीव मुलाखतीचे स्थान निवडीच्या इतर साधनांच्याही वर गेले. आपल्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की समोर बसलेल्या साहेबांना आपले काम कितीही ठाऊक असले, तरी गुणपत्रिकेत उतरते ते त्या खोलीत आपण उच्चारलेले. नियम काटेकोरपणे पाळणारा परीक्षक तर आपल्याला ओळखतो म्हणूनच अधिक सावध असतो, कारण पक्षपाताचा आरोप त्याला नको असतो.

आधी प्रक्रिया समजून घ्या

अर्ज भरण्यापूर्वी ही नेमकी कोणत्या प्रकारची भरती आहे, हे मनुष्यबळ विभागाकडून स्पष्ट करून घ्यावे. काही ठिकाणी असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यालाच कायम करावयाचे असते आणि मुलाखत ही मंजुरीच्या कागदपत्रांतील एक पायरी असते; काही ठिकाणी भरती फक्त संस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी असते; तर काही ठिकाणी ती सर्वांसाठी खुली असते. दुसऱ्या प्रकारात एक अडचण हमखास येते. ‘अंतर्गत उमेदवार’ या व्याख्येत कंत्राटी कर्मचारी मोडतात की नाही, हे संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते, आणि अनेकदा ते मोडत नाहीत. तसे असेल तर अंतर्गत पोर्टलवरून केलेला अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. म्हणून अर्ज कोणत्या मार्गाने करावयाचा, हे ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. शेजारच्या टेबलावरून मिळालेल्या माहितीवर विसंबू नये.

आपली नेमणूक एखाद्या मनुष्यबळ पुरवठादार एजन्सीमार्फत झाली असेल, तर तिच्याशी असलेला करार काढून पुन्हा वाचावा. ज्या संस्थेत पाठवले आहे तिने कर्मचाऱ्याला थेट नोकरी दिल्यास एजन्सीला शुल्क द्यावे लागेल, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत थेट नियुक्ती करता येणार नाही, अशी अट एजन्सी आणि संस्था यांच्यातील करारात असू शकते. हा व्यवहार त्या दोघांमधला असला, तरी निवड झाल्यानंतर नियुक्तिपत्र नेमके यावरच अडते, म्हणून मनुष्यबळ विभागाला त्याची कल्पना आधीच दिलेली बरी. आपल्या स्वतःच्या करारातील नोटीस कालावधीही त्याच वेळी पाहून ठेवावा.

यानंतर आपल्या वरिष्ठांना सांगावे. अर्ज केल्याचे त्यांना तिसऱ्याकडून कळणे कधीही चांगले नाही, आणि पद दुसऱ्या विभागातले असेल तर ही बाब अधिकच नाजूक होते. सांगताना परवानगी मागितल्याचा सूर नसावा, तसेच पाठिंबा गृहीतही धरू नये. “मॅडम, या पदासाठी मी अर्ज करीत आहे; आपल्याला आधी सांगावे असे वाटले. माझ्या कामातील कोणत्या गोष्टी मी ठळकपणे मांडाव्यात, असे आपल्याला वाटते?” एवढे पुरेसे असते. त्या स्वतः मंडळावर असतील तर हा प्रश्न मात्र विचारू नये. केवळ अर्जाची माहिती देऊन थांबावे.

जाहिरात परक्यासारखी वाचा

कायम पद म्हणजे आपले सध्याचेच काम, फक्त पगार आणि सुरक्षितता अधिक, असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात पदाचे वर्णन लिहिताना संस्थेने पुढील काही वर्षांचा विचार केलेला असतो. कंत्राटी नेमणूक बहुधा एखादे ठरावीक काम उरकण्यासाठी असते, तर कायम पदाच्या वर्णनात नियोजन, इतर विभागांशी समन्वय, नवख्यांना शिकवणे आणि निर्णयाची जबाबदारी घेणे अशा गोष्टी आढळतात. जाहिरातीतील प्रत्येक अपेक्षा एका ओळीवर उतरवावी आणि तिच्यासमोर आपल्या कामातील एक प्रसंग लिहावा. काही ओळी रिकाम्या राहतील. त्या ओळीच तयारीत सर्वांत मोलाच्या आहेत, कारण प्रश्न तेथूनच येण्याची शक्यता अधिक असते आणि ‘हे काम आजवर माझ्याकडे नव्हते’ हे उत्तर मंडळाला चालत नाही. अशा ठिकाणी त्याच्या जवळपासचा अनुभव शोधावा. तोही नसेल तर ते काम आपण कसे शिकू याचा ठोस आराखडा मनाशी तयार ठेवावा.

अर्ज आणि बायोडाटा कार्यालयाबाहेरच्या माणसासाठी लिहावा. छाननी करणारी व्यक्ती आपल्याला ओळखतही नसेल, आणि विभागात रूढ असलेली संक्षिप्त नावे तिला निरर्थक वाटतील. अंगवळणी पडलेल्या ज्या कामांना आपण काम म्हणूनही मोजत नाही, तीही लिहावीत.

प्रसंग गोळा करताना जुने ई-मेल, अहवाल आणि कामाच्या नोंदी चाळाव्यात, परंतु कार्यालयीन दस्तऐवज स्वतःच्या खासगी ई-मेलवर पाठवू नयेत किंवा घरी नेऊ नयेत. अनेक संस्थांत तो गोपनीयतेचा भंग ठरतो, आणि मुलाखतीच्या तोंडावर असा प्रकार निघाला तर पदच काय, असलेले कंत्राटही धोक्यात येते. आकडे, महिना आणि आपण केलेली कृती स्वतःच्या शब्दांत टिपून घेतली की काम भागते.

उत्तर पूर्ण सांगा, ‘आपल्याला माहीतच आहे’ म्हणू नका

संपूर्ण तयारीतील सर्वाधिक वेळ या भागाला द्यावा, असे माझे मत आहे. कामाच्या अनुभवावरील प्रश्नाचे उत्तर चार भागांत बसवण्याची एक रूढ पद्धत आहे : परिस्थिती काय होती, आपली जबाबदारी काय होती, आपण काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला. आतल्या उमेदवाराकडून पहिले दोन भाग गळतात, कारण ते सर्वांना ठाऊक आहेत असे त्याला वाटते. आणि तिसऱ्या भागात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो, कारण ज्या सहकाऱ्यांबरोबर आजही बसायचे आहे, त्यांच्या श्रेयावर हक्क सांगण्याचा त्याला संकोच वाटतो.

समजा, मंडळाने विचारले, “कामाच्या पद्धतीत आपण स्वतःहून केलेल्या एखाद्या सुधारणेविषयी सांगा.” अर्जांची नोंद ठेवणाऱ्या विभागातील एक कंत्राटी कर्मचारी असे उत्तर देतो : “ते तर मॅडमना माहीतच आहे. मागच्या वर्षी आम्ही नोंदीची पद्धत बदलली, तेव्हापासून महिनाअखेरीचा ताण बराच कमी झाला.” मॅडमना हे खरोखरच माहीत आहे, परंतु त्यांच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या विभागाच्या अधिकाऱ्याला आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रतिनिधीला यातून काहीही कळलेले नाही. अडचण काय होती, ती कोणी ओळखली, काय बदलले आणि ‘बराच’ म्हणजे किती, यांपैकी कोणत्याही रकान्यात त्यांना गुण देता येणार नाहीत.

तोच कर्मचारी असेही म्हणू शकतो : “आमच्या विभागात आलेला प्रत्येक अर्ज आधी वहीत आणि मग संगणकावर, असा दोनदा नोंदवला जात असे. महिनाअखेरीस दोन्ही नोंदी जुळवायला तीन दिवस लागत, आणि तेवढे दिवस अर्जदारांना उत्तरे जात नसत. जुळवणीचे काम माझ्याकडे होते. कोणत्या नोंदी चुकतात याची यादी मी महिनाभर ठेवली, तेव्हा बहुतेक चुका अर्जाचा क्रमांक हाताने उतरवताना होतात असे लक्षात आले. क्रमांक आपोआप पडेल असा तक्ता मी तयार केला, तो मॅडमना दाखवला आणि त्यांच्या संमतीने पंधरा दिवस जुन्या पद्धतीबरोबर चालवून पाहिला. मुख्य प्रणालीत तो बसवण्याचे काम संगणक विभागाने केले. आता जुळवणीला अर्धा दिवस पुरतो. टपालाने येणाऱ्या अर्जांची नोंद मात्र अजूनही हातानेच करावी लागते, आणि पुढची सुधारणा तेथे करता येईल.” हे सांगायला दीड-दोन मिनिटे लागतात. संगणक विभागाचे श्रेय त्यांना दिलेले आहे, त्यामुळे ‘मी’ म्हणताना संकोचाचे कारण उरत नाही, आणि मॅडम मंडळावर असल्याने अतिशयोक्तीलाही वाव राहत नाही. शेवटी सांगितलेली उणीव उत्तर दुबळे करत नाही. हे काम प्रत्यक्ष केलेला माणूस बोलतो आहे, याचा तो पुरावाच असतो.

असे पाच-सहा प्रसंग तयार असले, तर बहुतेक प्रश्नांना पुरतात. ते शब्दशः पाठ करू नयेत. मोठ्याने, शक्यतो आपल्या क्षेत्राबाहेरच्या व्यक्तीसमोर बोलून पाहावेत, आणि ऐकणाऱ्याने मध्येच “म्हणजे काय?” असे विचारले, की तेथे आपण काही गृहीत धरले आहे असे समजावे.

आतल्या उमेदवारालाच अवघड जाणारे प्रश्न

“येथे काय बदलावे असे आपल्याला वाटते?” हा प्रश्न बाहेरच्या उमेदवाराला सोपा असतो, कारण त्याला फारसे काही ठाऊक नसते. आपल्याला फार ठाऊक असते, आणि ज्यांच्या निर्णयांमुळे एखादी गोष्ट बिघडली तेच कदाचित समोर बसलेले असतात. सगळे उत्तम चालले आहे असे म्हटले तर ते कोणालाच पटत नाही, आणि साचलेली नाराजी बाहेर काढली तर मुलाखत तेथेच संपते. एकच बाब निवडावी. ती व्यक्तीविषयी नसून पद्धतीविषयी असावी. ती तशी का सुरू झाली असेल याची जाण दाखवावी, आणि या पदावरून आपल्या अधिकारात बसेल असाच उपाय सुचवावा.

आपली एखादी चूक सर्वांना माहीत असेल, तर अपयशाविषयीच्या प्रश्नाला दुसरे एखादे निरुपद्रवी उदाहरण देऊन सुटका करून घेऊ नये. मंडळातील ज्याला ती चूक आठवते, त्याला ही टाळाटाळ चुकीपेक्षा अधिक खटकते. काय झाले, ते कसे निस्तरले आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत कोणती खबरदारी आली, हे तीन-चार वाक्यांत सांगून पुढे जावे.

“आपल्याला कायम पद का हवे आहे?” याचे खरे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत स्थैर्य हेच असते, आणि ते सांगण्यात कमीपणा नाही. तेवढ्यावर थांबणे मात्र योग्य नाही. कंत्राटाची मुदत जवळ असताना जी कामे हाती घेता येत नाहीत, जसे वर्षभर चालणारा प्रकल्प किंवा नव्या सहकाऱ्याला तयार करणे, ती या पदावर करता येतील, असे उदाहरणासह सांगितले की उत्तर आपल्या गरजेवरून पदाच्या गरजेकडे वळते. “इतकी वर्षे कंत्राटावर काढली, आता तरी कायम करा” हा सूर, तक्रार कितीही रास्त असली, तरी मुलाखतीत टाळावा. त्या मागणीसाठी वेगळी व्यासपीठे आहेत.

“निवड झाली नाही तर आपण काय कराल?” या प्रश्नात धमकीही देऊ नये आणि आयुष्यभराची निष्ठाही जाहीर करू नये. चालू करारातील काम नीट पूर्ण करीन आणि कोठे कमी पडलो हे जाणून घेईन, एवढे म्हणणे खरे आणि पुरेसे आहे.

मुलाखतीचा दिवस

आपल्या टेबलावरून उठून थेट मुलाखतीच्या खोलीत जाऊ नये. अर्धा दिवस रजा घ्यावी, किंवा निदान तासभर आधी काम दुसऱ्याकडे सोपवून फोन बंद ठेवावा. अन्यथा अपुऱ्या राहिलेल्या कामाचा विचार डोक्यात घेऊनच आपण आत जातो. पोशाख रोजच्यापेक्षा एक पायरी अधिक औपचारिक असावा. रोज ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलतो, ते मंडळावर असतील तर त्यांना त्या दिवशी सर किंवा मॅडम म्हणावे आणि कार्यालयातील आपसातले विनोद दाराबाहेर ठेवावेत. उत्तर देताना दृष्टी ओळखीच्या व्यक्तीकडेच वळत राहते, हेही ध्यानात असू द्यावे. जो आपल्याला ओळखत नाही, त्याच्याकडे पाहून बोलले की उत्तर आपोआप पूर्ण होते.

शेवटी “आपल्याला काही विचारायचे आहे का?” असे म्हटल्यावर, मला सगळे माहीत आहे, असे म्हणू नये. पहिल्या सहा महिन्यांत या पदाकडून कोणती अपेक्षा आहे, किंवा आताच्या कामापेक्षा यातील कोणती जबाबदारी सर्वांत वेगळी असेल, हे प्रश्न आतल्या उमेदवारालाही शोभतात.

मुलाखतीनंतर मंडळातील सदस्य जिन्यावर किंवा चहाच्या वेळी भेटणारच. तेथे निकालाविषयी विचारू नये. चौकशी मनुष्यबळ विभागाकडेच करावी. त्याच पदासाठी एखादा सहकारीही उमेदवार असेल, तर प्रश्नांची देवाणघेवाण दोघांनीही टाळावी, कारण त्यातून संपूर्ण प्रक्रियाच वादात सापडू शकते.

पगार आणि अटी

कंत्राटी मानधन आणि कायम पदाचा पगार यांची थेट तुलना फसवी असते. कंत्राटात हातात पडणारी रक्कम कधीकधी अधिक दिसते, परंतु पगारी रजा, विमा, निवृत्तिलाभ आणि नोटीस कालावधीचे संरक्षण यांची किंमत तीत धरलेली नसते. दोन्हींचा वार्षिक हिशेब कागदावर मांडल्याशिवाय होकार देऊ नये. तसेच वाटाघाटीची सुरुवात सध्याच्या मानधनापासून न करता त्या पदाच्या वेतनश्रेणीपासून व्हावी. मॅथ्यू बिडवेल यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या, एका गुंतवणूक बँकेतील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुरुवातीला सुमारे १८ टक्के अधिक वेतन मिळत असल्याचे आढळले, पहिल्या दोन वर्षांतील कामगिरी मात्र आतून आलेल्यांची सरस होती. कंत्राटी कर्मचारी या दोन गटांपैकी कोणत्याच गटात पूर्णपणे बसत नाही, पण कामाची माहिती असलेला माणूस स्वस्तात मिळतो हा समज त्यालाही लागू केला जातो, आणि तो आपण होऊन मान्य करण्याचे काही कारण नाही.

नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात : कंत्राटावरील सेवा ज्येष्ठतेसाठी धरली जाईल का, परिविक्षा काळ पुन्हा पूर्ण करावा लागेल का, शिल्लक रजेचे काय होईल, आणि कंत्राट संपण्याची व नव्या नियुक्तीची तारीख यांत खंड पडतो का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु काही दिवसांच्या खंडामुळेही सेवेची सलगता तुटू शकते.

निवड झाली नाही तर

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसावे लागते, आणि कधीकधी निवडून आलेल्या व्यक्तीला काम शिकवण्याची जबाबदारीही आपल्याकडेच येते. हे कठीण आहे, याविषयी दुमत नसावे. आठवडाभर जाऊ द्यावा आणि मग मंडळातील एका सदस्याकडे वेळ मागावी. “मी का नाही?” असे विचारले की समोरचा बचावात्मक होतो, “कोणत्या उत्तरांत मी कमी पडलो आणि पुढच्या वेळेपर्यंत कोणता अनुभव मिळवावा?” याला बरेचदा उपयोगी उत्तर मिळते. ऐकताना वाद घालू नये, टिपून घ्यावे. उत्तर गुळमुळीत असेल, तर तीही एक माहितीच आहे.

त्याच भेटीत, किंवा त्यानंतर लगेच, आपल्या वरिष्ठांना दोन गोष्टी विचाराव्यात : चालू कंत्राटाचे नूतनीकरण होणार आहे का, आणि अशा प्रकारचे पद पुढील वर्षभरात निघण्याची शक्यता आहे का. दोन्ही उत्तरे अनुकूल असली, तर ज्या अपेक्षेसमोरची ओळ रिकामी राहिली होती त्या प्रकारचे एखादे काम आत्ताच मागून घ्यावे आणि त्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. नूतनीकरणाविषयी मोघम बोलले गेले, तर मुदत संपण्याची वाट न पाहता त्याच तयार प्रसंगांच्या आधारे बाहेर अर्ज करण्यास सुरुवात करावी. ते बाहेरच्या माणसाला समजतील असे आपण आधीच लिहून ठेवलेले आहेत.